झाकलेले शस्त्र आणि त्याचा वारसा

शस्त्र बाळगावे की न बाळगावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून सोडवला जातो. एका टोकास अहिंसेचे तत्त्व असते, दुसऱ्या टोकास क्षात्रधर्माचे. दोन्हीकडे उत्तरे तयार असतात आणि प्रश्न मात्र मधल्या जागेत तसाच पडून राहतो. ही मधली जागा म्हणजे परवानाधारक गृहस्थाचे घर. तेथे कपाटाच्या कुलूपबंद खणात एक लहानसे रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे असते. त्यातून कधी कोणावर गोळी झाडलेली नसते आणि त्याविषयी घरात सहसा कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी असे रिव्हॉल्व्हर १९९४ पासून आहे. नियमानुसार ते आता पुढील पिढीच्या हाती देता येते. ते द्यावे काय, एवढाच प्रश्न या लेखात विचारार्थ घेतला आहे. मलाजखंड, बैहर, बालाघाट या पट्ट्यातील आपल्या जुन्या घरांपैकी ज्यांच्याकडे असे परवाने आहेत, त्यांनाही तो आज ना उद्या पडणार आहे.

प्रथम वस्तूविषयी. कानपूरच्या आयुधनिर्माणीत घडलेले हे पॉइंट ३२ मापाचे, सहा गोळ्यांचे, मधोमध मोडून भरावयाचे हत्यार. वजन सुमारे ७०० ग्रॅम. सदऱ्याखाली कमरेला लावले तर पाहणाऱ्यास कळू नये एवढे आटोपशीर. पॉइंट ३८ आणि ९ मिलिमीटर ही लष्कर-पोलिसांची मापे असल्याने सामान्य नागरिकास निषिद्ध. म्हणून आपल्याकडील बहुतेक परवानाधारकांच्या वाट्याला हेच माप येते. आपल्याकडचा पावसाळा या लोखंडास मानवत नाही. चामड्याचे होल्स्टर ओल धरून ठेवते आणि पोलादाला गंज चढतो, म्हणून चार महिने ते चामड्यातून काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळावे लागते. नळीतून गज फिरवावा लागतो. काडतुसांचा हिशेब परवान्याच्या पुस्तिकेशी जुळवून ठेवावा लागतो. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते आणि निकालानंतर परत आणावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. त्यापूर्वी दर तीन वर्षांनी नूतनीकरणाची खेप ठरलेली असे. इतक्या वर्षांत त्याने माझे रक्षण केले की मी त्याचे, असा जमाखर्च मांडला, तर दुसरा रकाना भरलेला आणि पहिला कोरा दिसतो.

कोरा रकाना ही काही तक्रार नव्हे. ज्या भयापोटी ते घेतले, ते भय काल्पनिक नव्हते. १९९० च्या सुमारास नक्षलवाद्यांची दलमे या जिल्ह्याच्या जंगलांत वावरू लागली. ठेकेदारीच्या व्यवसायात मजुरीची रोकड घेऊन बैहरच्या घाटरस्त्याने यावे लागे. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची सोनपुरी या त्यांच्या गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली, तेव्हा जिल्ह्यातील प्रत्येक घराने आपल्या दाराची कडी पुन्हा तपासून पाहिली. परंतु त्याच घटनेने एक गोष्ट स्पष्टही केली. जे येत, ते दहा-वीसच्या संख्येने आणि लांब पल्ल्याच्या बंदुका घेऊन येत. त्यांच्यापुढे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर म्हणजे मनाची समजूत. मग हे हत्यार नेमके कोणासाठी होते?

कायद्याचे उत्तर नेमके आहे. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला. शासकीय यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल, तर हा अधिकार नाही. आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्यापर्यंत तो पोहोचत नाही. म्हणजे अधिकार आहे तो काही क्षणांचा, आणि त्या क्षणांत, बहुधा अंधारात, किती इजा पुरेशी हे गृहस्थाने ठरवावयाचे. शस्त्र मात्र त्या क्षणांपूर्वी आणि नंतरही अनेक वर्षे घरात राहते. नीतीचा खरा प्रश्न या वर्षांचा आहे. क्षणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, वर्षांविषयी फारसे कोणी बोलत नाही.

या वर्षांना इतिहासाचाही एक भार आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने भारतीयांस परवान्यावाचून शस्त्र बाळगणे बंद केले आणि युरोपीयांस त्यातून मोकळे ठेवले. हा अपमान एवढा खोल गेला होता, की १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे पत्रक काढताना खुद्द गांधीजींनी त्या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. वंशभेद गेला, परवाना राहिला. त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीस परवान्याची पुस्तिका ही प्रतिष्ठेची खूण वाटली, यात नवल नाही. नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतात आपली घरे येथे वसली. १९५६ मध्ये प्रांतरचना बदलली, विदर्भ पलीकडे गेला आणि आपण अलीकडे राहिलो. अशा वेळी बंदुकीचा परवाना म्हणजे या भूमीत आपली मुळे धरल्याचा सरकारी दाखलाच होता. ही भावना समजून घेण्याजोगी आहे. पण प्रतिष्ठेसाठी ठेवलेले शस्त्र आणि रक्षणासाठी ठेवलेले शस्त्र यांचा न्याय एकच नसतो, हेही विसरता येत नाही.

झाकलेल्या शस्त्राचे समर्थन करताना आपल्याकडे हमखास वाघनखांचा दाखला निघतो. तो नीट तपासला पाहिजे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली, तिचा दिवस ठरलेला होता, जागा ठरलेली होती आणि समोरचा शत्रू कोण हे पुरते ठाऊक होते. शस्त्र झाकलेले होते, शत्रू झाकलेला नव्हता. अभिनव भारताच्या क्रांतिकारकांनी लंडनहून ब्राउनिंग पिस्तुले आणवली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या कृत्याचे मूल्यमापन कोणी कसेही करो, तेथेही लक्ष्य निश्चित होते. गृहस्थाच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट नेमकी उलट आहे. ते तीस वर्षे बाळगले जाते ते कोणा एकाविरुद्ध नव्हे. त्याच्या शत्रूला चेहराच नसतो, आणि मन ती रिकामी जागा भरून काढते.

ही जागा कोणत्या चेहऱ्याने भरते, हे आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. तिन्हीसांजेला पाणी मागावयास आलेला अनोळखी बैगा, मजुरीवरून चढ्या आवाजात बोलणारा गोंड तरुण, घाटात हात दाखवून गाडी थांबवू पाहणारा वाटसरू: कमरेला वजन असले की यांच्याकडे पाहण्याची नजर अंमळ बदलते. हा अनुभव माझा आहे आणि इतर परवानाधारकांनीही तो खाजगीत कबूल केलेला मी ऐकला आहे. गोळी कधी सुटत नाही, पण बोलण्याआधी मनात एक अंतर मोजले जाते. आपण येथे नंतर आलेले लोक. हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण आली, वसाहत उभी राहिली, नोकऱ्या आणि ठेके आपल्यासारख्यांना मिळाले. ज्यांच्या जंगलात हे घडले, त्यांच्या हाती त्यातले फार थोडे आले. अशा ठिकाणी झाकलेले शस्त्र हा झाकलेला संशयही असतो, आणि त्याची झळ बहुधा निरपराध्यालाच लागते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की न वापरले गेलेले शस्त्र हेच यशस्वी शस्त्र. त्याच्या धाकानेच संकट टळते. परंतु जे दिसत नाही त्याचा धाक कसा पडावा? शस्त्र सार्वजनिक ठिकाणी मिरवण्यास नियमांची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मग धाक पडतो तो ‘त्यांच्याकडे आहे’ या कुजबुजीचा. पण जी कुजबुज चोराला दूर ठेवते, तीच शस्त्र लुटू पाहणाऱ्याला घराचा पत्ता देते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाकी वस्तीत राहणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, पोलीस पोहोचेपर्यंत काय करावे? या आक्षेपाला तत्त्वज्ञानाने उडवून लावणे क्रूरपणाचे होईल. ज्याच्यापुढे खरे आणि निकटचे संकट आहे, त्याने परवाना घेतला तर त्यात गैर काही नाही. तथापि २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्याच निर्माणीने स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅमचे हलके रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत लाखाच्या वर होती. खाणीवरून उशिरा परतणाऱ्या मजूर स्त्रीला ते कधीच परवडणारे नव्हते. भय जेथे सर्वांत अधिक, तेथे परवाने सर्वांत कमी, असेच चित्र आहे.

आता वारशाचा मूळ प्रश्न. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, की वारसास त्यासाठी परवाना मागता येतो. ही सोय आहे, आज्ञा नव्हे. शेत वारशाने जाते, कारण त्याची उपयुक्तता पुढे टिकते. पुस्तके जातात, भांडी जातात. शस्त्र मात्र एका विशिष्ट धोक्यावरचा उपाय म्हणून घेतलेले असते, आणि धोका काही वारशाने देता येत नाही. आता मजुरी बँकेच्या खात्यात जमा होते; घाटातून रोकड आणावी लागत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये दहा नक्षलवाद्यांनी बालाघाट येथे मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. ज्या कारणासाठी माझ्या अर्जावर सही झाली, ते कारण माझ्या हयातीतच सरले आहे. कारण सरल्यावरही उपाय मुलाच्या हाती ठेवायचा, तर त्याबरोबर मी त्याला माझ्या काळाचा संशयही देत असतो. आणि त्याला तर या मातीतल्याच माणसांबरोबर, त्यांच्या मुलांच्या बरोबरीने, जगावयाचे आहे.

म्हणून निर्णय असा घेतला आहे, की वारसाचे नाव सुचवावयाचे नाही. रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे परत द्यावा. पुढे मुलाला स्वतःचे असे कारण जाणवलेच, तर त्याने स्वतःच्या नावाने, रीतसर प्रशिक्षण घेऊन अर्ज करावा. त्यास माझी हरकत राहणार नाही.

खंडेनवमीला आपण शस्त्राबरोबर विळा, कोयता, पान्हे अशी रोजची हत्यारेही पाटावर मांडतो. त्या दिवशी प्रत्येक हत्याराने वर्षभर काय केले, याचे स्मरण नकळत होतेच. कुलूपबंद खणातल्या हत्याराचेही तसे स्मरण व्हावे. ज्या घरांत परवाने आहेत, त्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी आपल्या भयाचे आजचे कारण एका वाक्यात लिहून पाहावे, आणि ते लिहिताना डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा आला, हेही स्वतःशी नोंदवावे. वाक्य खरे उतरले, तर शस्त्र निःशंकपणे ठेवावे. वाक्य जुळले नाही आणि नुसता चेहराच आला, तर त्या माणसाशी एकदा बोलून पाहावे.