दोन फेऱ्यांमधले तीन महिने

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात महापौरपदासाठी मतदान झाले. सार्वजनिक वाहतुकीच्या प्रवाशांची संघटना उभी करणाऱ्या केटी विल्सन यांना निम्म्याहून किंचित अधिक मते मिळाली आणि विद्यमान महापौर ब्रूस हॅरेल 41 टक्क्यांच्या आसपास थांबले. आपल्याकडे एवढ्यावर गुलाल उधळून, जेसीबीतून फुले पाडून मिरवणूक निघाली असती. सिएटलमध्ये मात्र त्या दिवशी कोणी निवडून येणारच नव्हते. ती प्राथमिक फेरी होती. तिच्यातले पहिले दोघे नोव्हेंबरच्या फेरीत जातात, मग पहिल्याला मते किती का पडेनात. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान झाले. पहिल्या रात्रीच्या मोजणीत विल्सन मागे होत्या, पुढच्या आठवडाभरात एकेक टक्का वर सरकल्या आणि शेवटी सुमारे दोन हजार मतांनी महापौर झाल्या. ऑगस्टमधली जवळपास दहा टक्क्यांची आघाडी तीन महिन्यांत एवढीशी उरली.

यातला शहराचा खरा कौल कोणता, ऑगस्टचा की नोव्हेंबरचा? दोन फेऱ्यांच्या पद्धतीची बाजू घेणारे नेहमी बहुमताकडे बोट दाखवतात. आठ-दहा उमेदवारांत मते फुटून 25-30 टक्केवाला गादीवर बसण्यापेक्षा शेवटी दोघांतच लढत लावावी, म्हणजे जिंकणाऱ्याच्या पाठीशी निम्म्याहून जास्त मतदार असतील, असे ते म्हणतात. मतविभागणीसाठी मुद्दाम उभे केलेले अपक्ष पाहत आलेल्या मराठी वाचकाला हे पटकन पटेल. मला ते अर्धेच पटते. ते बहुमत शेवटी मतदानाला आलेल्यांचे असते, आणि शहराच्या निवडणुकीला येतात किती? लॉस एंजेलिसमध्ये 2013 च्या महापौरपदाच्या निर्णायक फेरीत मतदान जेमतेम 23 टक्के झाले. एवढ्यांतले निम्मे म्हणजे शहराचे बहुमत, हे म्हणायला धाडस लागते. या पद्धतीचे खरे बळ आणि खरा धोकाही दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात आहे, असे मला वाटते. मतदार एकदा बोलतो, आपण काय बोललो ते आकड्यांत वाचतो आणि मग पुन्हा बोलतो.

हा मधला काळ एवढा नाट्यमय होतो त्यामागे मतपत्रिकेचे रूपही आहे. सिएटलची मतपत्रिका निवडणुकीच्या दोन-अडीच आठवडे आधी टपालाने घरी येते. सोबत उमेदवारांच्या माहितीची पुस्तिका असते. नावाशेजारचा लंबगोल पेनाने भरायचा, पाकिटावर सही करायची आणि ते टपालात किंवा चौकातल्या मतपेटीत टाकायचे. राज्याच्या विधिमंडळाच्या उमेदवाराच्या नावाखाली त्याला कोणता पक्ष पसंत आहे ते छापलेले असते. सिटी कौन्सिलच्या उमेदवारांच्या नावाखाली मात्र काहीच नाही. पक्ष नाही, चिन्हही नाही.

ही रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सुधारकांना शहरांवरची पक्षांच्या दादा मंडळींची पकड मोडायची होती. गटारे नि दिवाबत्तीत कसला आलाय पक्ष, हा त्यांचा युक्तिवाद. सिएटलने 1910 मध्ये पक्षविरहित निवडणूक स्वीकारली आणि त्याच झपाट्यात वॉर्डही मोडीत काढले; नऊच्या नऊ नगरसेवक सगळ्या शहराने निवडायचे ठरले. दादा गेले, त्यांच्याबरोबर वस्तीतला गरीब, स्थलांतरित मतदार ज्याच्या दारात जाऊन उभा राहायचा तो माणूसही गेला. सुधारणेचा हा हिशेब सुधारकांच्या खात्यावर क्वचितच मांडला जातो. वॉर्ड परत यायला 2015 उजाडले, आणि तेही नवांपैकी सात जागांपुरतेच.

पक्षाचे नाव पुसले म्हणून पक्ष जात नाही, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या ग्रामपंचायतीही पक्षचिन्हांवर लढवल्या जात नाहीत. कपबशी, शिट्टी, पतंग असली चिन्हे वाटली जातात आणि निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष आपापल्या ग्रामपंचायतींचे आकडे जाहीर करतात. त्यांची बेरीज अनेकदा एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. सिएटलची गंमत निराळी आहे. तिथे जवळजवळ सगळेच उमेदवार डेमोक्रॅट. विल्सनही आणि हॅरेलही. पक्ष छापला असता तरी मतदाराला त्यातून फारसे काही कळले नसते. म्हणून तो दुसऱ्या खुणा शोधतो. ‘सिएटल टाइम्स’ने कोणाची शिफारस केली? ‘द स्ट्रेंजर’ या डावीकडे झुकलेल्या पत्राच्या यादीत कोण आहे? कामगार संघटना कोणाच्या मागे? अशा मतदाराची निष्ठा पातळ असते. तो तीन महिन्यांत हलू शकतो.

या हलण्याचे सर्वांत चांगले उदाहरण पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांचे आहे. जातिभेदाला बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर सिएटल 2023 मध्ये ठरले, तो कायदा मांडणाऱ्या नगरसेविका म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे पोहोचले. त्यांची पहिली निवडणूक 2013 ची. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सावंत स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवत, पण मतपत्रिकेवर तो शब्द येणार नव्हता. समोर चार वेळा निवडून आलेले रिचर्ड कॉनलिन. ऑगस्टमध्ये कॉनलिन यांना 48 टक्क्यांच्या आसपास, सावंत यांना सुमारे 35 आणि तिसऱ्या उमेदवाराला उरलेली मते. आपल्या पद्धतीत खेळ तिथेच संपला असता. पण त्या वर्षी फास्ट फूडच्या दुकानांतले कामगार संपावर जात होते, शेजारच्या सीटॅक या विमानतळाच्या गावात तासाला 15 डॉलर किमान वेतनाचा प्रस्ताव नोव्हेंबरच्याच मतदानात होता आणि सावंत यांच्या प्रचाराचा गाभाही तोच आकडा होता. ऑगस्टमध्ये हट्टी वाटलेली मागणी नोव्हेंबरपर्यंत घराघरातली चर्चा झाली. मतदानाच्या रात्री त्या मागे होत्या. शेवटच्या दिवशी पेटीत पडलेली पाकिटे पुढे दहा दिवस मोजली गेली, त्यांत तरुणांची आणि भाडेकरूंची मते जास्त होती, आणि कॉनलिन यांनी पराभव मान्य केला. पुढच्या वर्षी कौन्सिलने 15 डॉलरचा कायदा केला.

मधला काळ विकत घेण्याचाही प्रयत्न होतो. 2019 च्या प्राथमिक फेरीत सावंत पहिल्या आल्या, पण 37 टक्क्यांच्या आसपास मतांवर. म्हणजे बाकी सगळी मते विद्यमान नगरसेविकेच्या विरोधात. दुसऱ्या क्रमांकाचे ईगन ओरियन बावीस टक्क्यांच्या आत होते. हिशेब सरळ दिसत होता. ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉनने व्यापारी मंडळाच्या निवडणूक निधीत एकदम दहा लाख डॉलर ओतले. आधीचे धरून रक्कम पंधरा लाखांच्या घरात गेली. याच शहरात प्रत्येक पात्र रहिवाशाला उमेदवारांना देण्यासाठी पालिकेकडून 25 डॉलरची चार कुपने मिळतात, म्हणजे लहान माणसानेही निवडणुकीत देणगीदार व्हावे. शंभर डॉलर विरुद्ध पंधरा लाख. ही तुलना मतदाराला कोणी समजावून सांगावी लागली नाही. सावंत पुन्हा पहिल्या रात्री मागे होत्या आणि पुन्हा जिंकल्या. पैसा उलटला, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मला एवढेच दिसते, की तो पैसा प्राथमिक फेरीआधी शांतपणे आला असता तर त्याची एवढी बोंब झाली नसती.

मात्र हा काळ नेहमी दुबळ्याच्याच बाजूने वागतो असे नाही. लॉस एंजेलिसने पक्षविरहित निवडणूक सिएटलच्या एक वर्ष आधी आणली आणि 1911 मध्ये तिची पहिली मोठी परीक्षा झाली. समाजवादी वकील जॉब हॅरिमन 31 ऑक्टोबरच्या प्राथमिक फेरीत 44 टक्के मते घेऊन पहिले आले. विद्यमान महापौर जॉर्ज अलेक्झांडर मागे पडले. निर्णायक फेरी 5 डिसेंबरला होती. त्याच वेळी आदल्या वर्षीच्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या इमारतीतल्या स्फोटाचा खटला चालू होता. वीसएक माणसे त्यात मेली होती आणि आरोपी होते कामगार चळवळीतले मॅक्नमारा बंधू. भांडवलदारांनी त्यांना अडकवले, यावर हॅरिमन यांचे सगळे समर्थक विश्वास ठेवून होते. स्वतः हॅरिमन त्यांच्या वकिलांपैकी एक होते. पण मुख्य वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी पडद्याआड तडजोड केली होती, जिची कल्पना हॅरिमन यांना नव्हती. 1 डिसेंबरला, मतदानाच्या चार दिवस आधी, दोघा भावांनी गुन्हा कबूल केला. हॅरिमन यांच्या प्रचाराचे बिल्ले रस्त्यावर पडले. अलेक्झांडर यांना 85 हजारांच्या आसपास मते, हॅरिमन यांना 51 हजारांच्या आसपास.

या कथेत एक गोष्ट सहसा मागे राहते. कॅलिफोर्नियातल्या स्त्रियांना मताचा हक्क त्याच ऑक्टोबरच्या 10 तारखेला मिळाला होता. लॉस एंजेलिसच्या हजारो स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले ते या डिसेंबरच्या फेरीत. त्या पाच आठवड्यांनी एका उमेदवाराचा घात केला आणि त्याच पाच आठवड्यांनी मतदारयादी बदलली. त्याच शहरात 1969 मध्ये टॉम ब्रॅडली पहिल्या फेरीत 42 टक्क्यांवर, तर महापौर सॅम यॉर्टी 26 टक्क्यांवर होते. मधल्या आठवड्यांत यॉर्टी यांनी काळ्या महापौराची भीती घालत प्रचार केला आणि जिंकले. ब्रॅडली यांनी 1973 मध्ये यॉर्टींनाच हरवून उट्टे काढले आणि वीस वर्षे महापौर राहिले.

लॉस एंजेलिसचा नियम मात्र सिएटलपेक्षा वेगळा आहे आणि मला तो खटकतो. तिथे प्राथमिक फेरीत कोणी निम्मी मते ओलांडली की दुसरी फेरी रद्द. केरळात जन्मलेल्या नित्या रामन 2020 मध्ये पहिल्या फेरीत दुसऱ्या होत्या. मार्च ते नोव्हेंबर या काळात कोरोना आला, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर शहर रस्त्यावर उतरले, आणि रामन यांनी विद्यमान नगरसेवकाला हरवले. 2024 च्या मार्चमध्ये त्याच रामन यांना 50.6 टक्के मते पडली आणि सगळे तिथेच संपले. पोलिसांच्या संघटनेसह इतरांनी त्यांच्याविरुद्ध दहा लाखांहून जास्त डॉलर खर्चले होते, तेही वाया गेले. मला रामन यांचे राजकारण त्यांच्या विरोधकापेक्षा जवळचे वाटते. तरीही नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष निवडायला त्यांच्या प्रभागात रांगा लागल्या तेव्हा त्या मतदारांच्या कागदावर नगरसेवकाची जागाच नव्हती, हे गैर आहे. मोठ्या मतदानाशी जोडून घ्यावे म्हणून तर शहराने आपल्या निवडणुका सम वर्षांत नेल्या. गमतीचा भाग म्हणजे मतदान वाढवणारी ही दुरुस्ती 2015 मध्ये जेमतेम दहा टक्के मतदानात मंजूर झाली.

सिएटलच्या पद्धतीतही भोक आहेच. गर्दीच्या प्राथमिक फेरीत 37 आणि 22 टक्क्यांचे दोघे पुढे जातात आणि बाकीच्यांना नोव्हेंबरमध्ये दोघांतला कमी नकोसा निवडावा लागतो. म्हणून 2022 मध्ये तिथल्या मतदारांनी पसंतीक्रमाला मान्यता दिली. 2027 च्या प्राथमिक फेरीपासून तो लागू व्हायचा आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हे नवे नाही: आयोगाच्या जांभळ्या स्केचपेनने नावापुढे 1, 2, 3 लिहायचे, शेवटचा बाद झाला की त्याची मते पुढच्या पसंतीकडे. आपले पदवीधर यात दर वेळी हजारोंनी मते बाद करून घेतात, ही वेगळी गोष्ट.

सॅन फ्रान्सिस्को आणि ऑकलंड यांनी पसंतीक्रम आणला तेव्हा दुसरी फेरीच काढून टाकली. खर्च वाचतो, मतदाराची एक खेप वाचते. सिएटलने पसंतीचे आकडे फक्त ऑगस्टसाठी घेतले आणि नोव्हेंबरला हात लावला नाही. ऑकलंडचे गणित 1911 च्या लॉस एंजेलिसमध्ये चालवले असते, तर निकाल 31 ऑक्टोबरलाच लागला असता, मॅक्नमारा बंधूंच्या कबुलीच्या आधी आणि स्त्रियांच्या मतांशिवाय.