कपाळावरची आठी

शहापूर तालुक्यात, माहुली गडाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक मुलगा राहत होता. चित्रकलेत त्याचा हात चांगला होता. एलिमेंटरी परीक्षा तो चांगल्या श्रेणीत पास झाला होता आणि आता इंटरमिजिएटच्या तयारीला लागला होता. झाडं, कौलारू घरं, बैलगाड्या तो सहज काढायचा. चेहरे मात्र त्याला जमत नसत. स्मरणचित्रात जत्रा काढली, तर जत्रेतली सगळी माणसं एकाच तोंडवळ्याची व्हायची.

चित्रकलेचे सर म्हणाले, "तुझ्या डोक्यात चेहरा एकच आहे, म्हणून कागदावरही एकच उतरतो. फोटो समोर ठेवून काढ. भुवई कुठे वळते, ओठ कुठे दबतो, ते डोळ्याला शिकू दे."

मुलाने वडिलांच्या मोबाइलवर हसऱ्या माणसांचे फोटो जमवले. लग्नातले, वाढदिवसाच्या बॅनरवरचे. त्यांतला एक चेहरा मोठा काढून त्याने सरांपुढे ठेवला. सरांनी तळहाताने चित्रातलं तोंड झाकलं आणि विचारलं, "आता सांग, हा हसतोय का?"

मुलाने पाहिलं. डोळे मुळीच हसत नव्हते.

"तुझं चित्र फोटोबरहुकूम आहे," सर म्हणाले. "फोटोतला माणूसच हसत नव्हता. 'हसा' म्हटल्यावर त्याने ओठ ताणले, एवढंच. दुशेन नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली हा फरक फोटोंसह छापला. ओठांचे कोपरे माणूस ठरवून वर खेचू शकतो. मनापासून हसू आलं की डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो, गाल वर चढतात, डोळ्याच्या कडेला सुरकुत्या पडतात. तेव्हा माणसं आपापल्या कामात असतानाचे फोटो घे. मोबाइल तोंडाजवळ नेऊ नकोस. फार जवळून नाक मोठं दिसतं आणि कान बारीक. चार पावलं मागे राहा. आणि ज्याचा फोटो घेशील, त्याच्याशी दोन शब्द बोल."

पौष पौर्णिमा जवळ आली होती. मुरबाड तालुक्यात म्हसा इथे म्हसोबाची मोठी यात्रा भरते आणि तिथला बैलबाजार लांबवर प्रसिद्ध आहे. मुलाचा मामा धसईकडे राहायचा. मुलगा किन्हवली-सरळगाव करत एसटीने मामाकडे गेला आणि दोघे म्हशाच्या यात्रेला निघाले.

बाजारात चेहऱ्यांना तोटा नव्हता. कुणी बैलाचे दात बघत होता, कुणी रुमालाखाली बोटं दाबून सौदा करत होता, कुणी नोटा मोजत होता. मुलाने लांबून भराभर फोटो काढले. सरांचं शेवटचं वाक्य तेवढं त्याच्या ध्यानातून गेलं. तो कुणाशीही बोलला नाही.

घरी आल्यावर त्यातला एक फोटो त्याला फार आवडला. एक म्हातारा शेतकरी हातात रिकामा कासरा धरून उभा होता. कपाळावर खोल आठी, ओठ घट्ट मिटलेले. मुलाला वाटलं, हा भलताच संतापलाय. दलालाने फसवलं असणार. त्याने कागदाच्या तळाशी आधी 'राग' असं लिहिलं आणि मग चेहरा काढायला घेतला. आठ दिवस खपून त्याने चित्र पूर्ण केलं.

सरांनी चित्र पाहिलं, मग मोबाइलवरचा फोटो पाहिला. "तो का रागावला होता?"

"ठाऊक नाही, सर. पण फोटोत दिसतंय ना."

सरांनी उत्तर दिलं नाही. मोबाइल घेऊन ते शाळेत फिरले. चित्र दाखवलं नाही, 'राग' हा शब्दही उच्चारला नाही. नुसता फोटो पुढे करून विचारत गेले, "याच्या मनात काय चाललं असेल?" शिपाईकाका म्हणाले, डोळ्यावर ऊन आलंय. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, बिचाऱ्याचं काहीतरी दुखतंय. गणिताच्या बाई म्हणाल्या, हिशेब जुळत नाहीये.

"चार्ल्स डार्विनने हेच केलं होतं," सर मुलाला म्हणाले. "दुशेनने काढलेले एका म्हाताऱ्याचे फोटो त्याने वीसहून अधिक लोकांना काहीही न सांगता दाखवले. काही चेहऱ्यांवर जवळजवळ सगळ्यांचं एकमत झालं, काहींवर नाना उत्तरं आली. आधी मथळा वाचला की माणसाला तोच भाव दिसू लागतो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्याने ते मांडलं. आठी एका रागाचीच नसते. ऊन लागलं तरी पडते, काम अडलं तरी पडते. या माणसाची आठी कशाची, ते त्यालाच विचारायला हवं."

मुलाने मामाला फोटो पाठवला. मामाने म्हाताऱ्याला ओळखलं. शेजारच्याच गावचे होते. रविवारी दोघे त्यांच्या घरी गेले.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला न विचारता तुमचा फोटो काढला. माफ करा. त्या दिवशी तुम्ही कुणावर चिडला होता?"

म्हाताऱ्याने फोटो बराच वेळ पाहिला. "चिडलो नव्हतो रे पोरा. बैल विकला होता. भाव चांगला आला, गिऱ्हाईकही भला माणूस. नऊ पावसाळे त्याने माझ्या खाचरात चिखलणी केली. आता माझ्याच्याने नांगर धरवत नाही, म्हणून दिला. नवा मालक त्याला घेऊन निघाला नि बैलाने मागं वळून पाहिलं. भर बाजारात रडायचं कसं? म्हणून तोंड दाबून उभा राहिलो."

मुलाने तिथेच फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. भुवया जवळ आल्या होत्या, पण त्यांची आतली टोकं वर उचललेली होती. रागात ती खाली दबतात. हनुवटीवर बारीक चुण्या पडल्या होत्या. खालच्या पापणीत ओल होती. फोटोत हे पहिल्यापासून होतं. मुलाच्या चित्रात मात्र भुवया खाली दाबलेल्या होत्या, डोळे वटारलेले होते आणि हनुवटी गुळगुळीत होती. 'राग' लिहून झाल्यावर त्याने त्या शब्दाला शोभेल तेवढंच पाहिलं होतं, आणि जे शोभत नव्हतं ते स्वतःच बदललं होतं.

म्हाताऱ्याची परवानगी घेऊन त्याने नवं चित्र केलं. फोटो तोच, पेन्सिल तीच. या वेळी त्याने तळाशी काहीच लिहिलं नाही. पूर्ण झालेलं चित्र सरांनी पुन्हा त्या तिघांना दाखवलं. शिपाईकाका म्हणाले, "याचं काहीतरी गेलंय." बाईंनाही तसंच वाटलं. मावशी म्हणाल्या, "हा रडू आवरतोय."

सरांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या खेपेला मुलगा मुरबाडला गेला, तेव्हा चित्राची एक प्रत म्हाताऱ्याच्या घरी देऊन आला. त्यानंतरही तो फोटो बघूनच चेहरे काढत राहिला, पण आधी माणसाशी बोलायचा, मग फोटो घ्यायचा, आणि चित्राला नाव सगळ्यात शेवटी द्यायचा. त्याच्या जत्रेच्या चित्रांत आता प्रत्येक माणूस वेगळा दिसू लागला.

तात्पर्य : फोटो चेहऱ्याची रेघ न् रेघ दाखवतो, त्या रेघेमागचं कारण माणूसच सांगू शकतो. चित्र काढताना आणि माणसांत वावरतानाही आधी नीट पाहावं, मग विचारावं, आणि नाव शेवटी ठेवावं. जो आधी नाव ठेवतो, त्याला समोरचं खरंही दिसत नाही.