पस्तावा आणि हळहळ

१९७२ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो ही सरकारी वसाहत सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, वय वीस वर्षंही नाही. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरचे ११० मजली जुळे मनोरे पूर्ण होत होते. दोन्हींचे आर्किटेक्ट एकच: मिनोरू यामासाकी.

यामासाकी सिअ‍ॅटलमधल्या जपानी स्थलांतरितांचे चिरंजीव. शिक्षणाच्या खर्चासाठी सुट्ट्यांत अलास्कातल्या मासळीच्या कारखान्यांत राबलेले. म्हणजे गरिबी त्यांनी फक्त पुस्तकात वाचलेली नव्हती. प्रुइट-आयगोच्या सुरुवातीच्या आराखड्यात उंच इमारतींसोबत बुटकी घरंही होती. सरकारने खर्चापायी ती काढायला लावली.

मग दोष पैसे कापणाऱ्यांचा? बराचसा, हो. देखभाल भाडेकरूंच्या भाड्यातूनच व्हायची. शहरातली वस्ती घटली, घरं रिकामी पडली, दुरुस्तीला पैसे उरले नाहीत. हे काही नकाशात नव्हतं.

पण लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबणार, हे नकाशात होतं. त्या मजल्यांवर लांब गॅलऱ्या होत्या. तिथे मुलं खेळतील, शेजारी भेटतील, अशी कल्पना. प्रत्यक्षात गॅलऱ्यांत आणि जिन्यांत लोक लुटले जाऊ लागले.

मी सॉफ्टवेअर लिहितो. ‘रिक्वायरमेंटच तशी होती’ हे वाक्य मीही वापरलंय. ते बहुतेकदा खरं असतं, म्हणूनच इतकं सोयीचं पडतं.

आपण बनवलेल्या गोष्टीचं पुढे जे होईल, त्या सगळ्याला आपण जबाबदार नसतो. २००१ मध्ये जुळ्या मनोऱ्यांवर विमानं आदळवली गेली, त्याचा दोष यामासाकींना कोण देईल? पण आराखड्यातून एखादी गोष्ट काढली जाते, तेव्हा ‘हिच्याशिवाय बाकीचं चालेल का?’ हे विचारणं आपलंच काम असतं. उत्तर ‘नाही’ आलं, तर ते मोठ्याने सांगणंही. ‘मी नाही केलं तर दुसरा करेल’ यातून इमारतीचं काय होणार ते कळतं. मी काय करावं, ते नाही.

पुढे यामासाकींनी हे काम केल्याचा पस्तावा बोलून दाखवला. हातात काहीच नसतं, तेव्हा माणूस हळहळतो. पस्तावतो, तेव्हा आपण नाही म्हणू शकलो असतो हे त्याला ठाऊक असतं.