दोन चुलींच्या मधली लेक

के. जे. डेलअँटोनिया यांच्या ‘द चिकन सिस्टर्स’ (२०२०) या कादंबरीतली अमांडा पस्तिशीची आहे, विधवा आहे आणि लग्नानंतर तिला माहेर तुटले आहे. ‘माहेर’ या शब्दाला इंग्रजीत जोड नाही. म्हणूनच की काय, दोन हॉटेलांच्या चुरशीची हलकीफुलकी गोष्ट अशीच या पुस्तकाची ओळख झाली. मराठी वाचकाला मात्र ती ओळख अपुरी वाटेल. ही माहेर आणि सासर यांच्यात ओढल्या जाणाऱ्या बाईची गोष्ट आहे, आणि तिची ही दोन्ही घरे तळलेल्या कोंबडीवर जगतात.

मेरिनॅक हे कॅन्सस राज्यातले कल्पित गाव. तिथल्या ‘चिकन मिमीज’ आणि ‘चिकन फ्रॅनीज’ यांचे वैर शंभर वर्षांचे. मूर घराण्यातली अमांडा आईच्या हाताखाली मिमीजमध्ये राबत मोठी झाली. मग तिने पोगोचिएलोंच्या फ्रँकशी लग्न केले आणि सासूच्या हाताखाली फ्रॅनीजमध्ये राबू लागली. नवरा गेला, राबणे राहिले. या ओढाताणीला कंटाळून ती ‘फूड वॉर्स’ नावाच्या टीव्ही-स्पर्धेला साद घालते. बक्षीस एक लाख डॉलरचे. न्यूयॉर्कला गेलेली बहीण मे हिचे तिथले बस्तान उखडत आलेले. तीही परतते आणि आईच्या बाजूने उभी राहते. सख्ख्या बहिणी कॅमेऱ्यासमोर एकमेकींविरुद्ध.

अमांडाच्या वाट्याला जे आले ते आपल्याकडच्या कित्येक घरांत सांगता येईल. नोकरी सोडता येते. आईचा भटारखाना सोडला तर आई सोडली असे होते. लेकीच्या कष्टांना पगारपत्रक नसते, त्यामुळे ती दुसऱ्या चुलीपाशी गेली की गेलेल्या कष्टांचा हिशेब होत नाही, फितुरीचा मात्र होतो. गंभीर साहित्याने घरातल्या धंद्यातल्या मुलग्यांवर पुष्कळ लिहिले. गल्ल्यामागे वाढलेल्या मुलींकडे त्याचे लक्ष क्वचितच गेले. हे काम या ‘हलक्या’ पुस्तकाने केले. त्याच्या हलकेपणातच मला एक सत्य दिसते. शोकांतिकेत नाते एकदाच तुटते आणि पडदा पडतो. इथे भांडण झाल्यावरही दुसऱ्या दिवशी पीठ मळावे लागते, तेल तापवावे लागते, आणि जिच्याशी भांडलो ती रस्त्यात भेटतेच. बहुतेक कुटुंबे अशीच जगतात.

पण एक गोष्ट या पुस्तकाने गमावली. त्याचे मूळ खऱ्या गावात आहे. आग्नेय कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग शहराबाहेर ‘चिकन अॅनीज’ आणि ‘चिकन मेरीज’ ही दोन हॉटेले एकाच रस्त्यावर जवळजवळ उभी आहेत. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. युरोपातून आलेल्या खाणकामगारांमुळे त्याला ‘लिटल बाल्कन्स’ म्हणत. १९२१ च्या डिसेंबरात संपाच्या काळात इथल्या हजारो बायका खाणींवर चालून गेल्या होत्या. पुढे अॅन पिख्लरच्या नवऱ्याचा पाय खाणीतल्या अपघातात गेला. तिने १९३४ मध्ये घरातूनच जेवण विकायला सुरुवात केली. काही वर्षांनी मेरी झर्नगास्टचा नवराही आजारपणामुळे कामाला मुकला, आणि तिनेही तीच वाट धरली. कोंबडीबरोबर जर्मन पद्धतीचा बटाटा आणि लसूण घातलेली कोबी, असे ते जेवण.

म्हणजे ‘वैर’ नंतरचे. आधी दोन घरांतली मिळकत थांबली, आणि शेजारच्या दोन बायकांना एकच उपाय सापडला, कारण एकच विद्या दोघींच्या हाती होती. चुरस ही गिऱ्हाइकांनी, आणि पुढे टीव्हीने, सांगायला सोपी म्हणून उचललेली बाजू. कादंबरीनेही तीच उचलली आणि खाण मागे ठेवली. खाण नसली की ती चूल का पेटली हेच कळत नाही. उरते ती कुणाची कोंबडी सरस ही चर्चा.

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका मला यामुळेच आठवतात. गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीने जेवत. एका चाळीत दोघी-तिघींच्या खानावळी असत आणि कुणाच्या कालवणाला चव यावर गडी वाद घालत. संपात पगार थांबले तरी या बायकांनी उधारीवर ताटे वाढली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले ते या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवणाऱ्या त्याच बायका एकमेकींना जामीन राहिल्या. चुरस आणि आधार एकाच जिन्यावर नांदत होते. या जिन्यावरची कादंबरी मराठीत यावी अशी माझी फार इच्छा आहे, आणि ती हसतखेळत लिहिलेली असली तरी चालेल, फक्त गिरणीचा भोंगा तिच्यात ऐकू यावा.

पिट्सबर्गमध्ये पुढे अॅनीच्या नातवाने मेरीच्या नातीशी लग्न केले. दोघांनी मिळून आणखी एक कोंबडीचे हॉटेल काढले. पाटीवर नाव आले ते अॅनीचे. मेरीची नात सासरच्या नावाखाली उभी राहून कोंबडी तळू लागली.