विशेषणाचं नाव होतं तेव्हा

लहान मुलाला विशेषणं शिकवणं हे दिसायला अगदी साधं काम. समोर डाळिंब ठेवायचं आणि विचारायचं, "कसं आहे सांग बरं?" मूल म्हणतं, लाल. मग म्हणतं, गोल. हातात घेतलं की जड, आणि दाणे तोंडात टाकले की आंबटगोड. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या मोडनिंबसारख्या गावात या धड्याचं साहित्य विकत आणावं लागत नाही. माढा तालुक्यातल्या या भागात डाळिंब आणि बोर ही घरची फळं.

आता त्याच मुलाला शेजारी बसलेला मुलगा दाखवा आणि तोच प्रश्न विचारा: "हा कसा आहे?" उत्तर येतं, काळा. जाडा. ढ. व्याकरण तेच, वाक्याची रचनाही तीच. तरी डाळिंबाला लाल म्हणणं आणि मुलाला ढ म्हणणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे आपल्याला लगेच जाणवतं. फरक नेमका कुठे आहे?

पहिला फरक क्रमाचा आहे. फळाच्या बाबतीत अनुभव आधी येतो आणि शब्द नंतर. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत मूल आधी खरखरीत आणि गुळगुळीत पृष्ठावर बोटं फिरवतं आणि त्याच क्षणी त्याला शब्द दिला जातो. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही गावात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरून. अशा शिक्षणात शब्दाला पुरावा असतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण बहुतेक वेळा शब्द आधी देतो. "तो वांड आहे, त्याच्याजवळ बसू नको." मूल त्या शब्दातूनच वर्गमित्राकडे बघायला लागतं. चव घेण्याआधीच फळ कडू ठरतं.

दुसरा फरक मराठीच्या स्वभावातच आहे. आपण विशेषणाला 'या' जोडतो आणि त्याचं नाव करून टाकतो. काळा मुलगा 'काळ्या' होतो, जाडा मुलगा 'जाड्या', बुटका 'बुटक्या'. 'काळा मुलगा' म्हटलं की निदान मुलगा शिल्लक राहतो, आणि तो आणखीही काही असू शकतो. 'काळ्या' म्हटलं की मुलगाच गायब होतो आणि रंग तेवढा उरतो.

हाच 'या' डाळिंबाच्या बागेतही भेटतो. जिवाणूंमुळे फळावर तेलकट डाग पडतात, त्या रोगाला शेतकरी 'तेल्या' म्हणतात. तिथे हे नाव योग्यच आहे, कारण ते रोगाचं आहे. डाग पडलेल्या फळाला भाव मिळत नाही, म्हणून ते वेगळं काढावं लागतं. घोळ होतो तो आपण मुलांचीही अशीच प्रतवारी करू लागतो तेव्हा. एका डागावरून अख्खं फळ बाजूला काढणं हा बाजाराचा नियम आहे. तो वर्गाचा नियम व्हायचं कारण नाही.

नावाने खरंच इतका फरक पडतो का? सुसान गेलमन आणि गेल हेमन यांनी १९९९मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास केला. काही मुलांना सांगितलं, ही मुलगी जमेल तेव्हा गाजरं खाते. काहींना सांगितलं, ही 'गाजरखाऊ' आहे. माहिती एकच. पण ज्यांनी नाव ऐकलं त्यांना ती सवय जास्त पक्की वाटली, घरच्यांनी विरोध केला तरी टिकेल अशी.

बरं, ही गोष्ट फक्त वाईट शब्दांची नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळाली, तर काहींना 'तू मेहनत घेतलीस' अशी. पुढची कोडी अवघड निघाली तेव्हा 'हुशार' ठरलेली मुलं लवकर कंटाळली आणि नंतर त्यांची कामगिरीही घसरली. 'हुशार' हाही एक शिक्काच. तो पुसला जाईल या भीतीने मूल अवघड वाटेला जायचं टाळतं.

मग माणसांसाठी विशेषणं शिकवूच नयेत का? असं म्हणणं सोपं आहे, पण ते चूक ठरेल. ज्या मुलाकडे 'अपमानास्पद', 'किळसवाणं', 'अन्यायाचं' हे शब्द नाहीत, ते आपल्यावर काय बेतलंय हे सांगू शकणार नाही. 'कसंतरी वाटलं' एवढंच म्हणून गप्प बसेल. शब्द काढून घेतल्याने मूल दयाळू होत नाही, मुकं होतं.

यावर एक मार्ग क्रियापदाचा आहे. 'तू खोटं बोललास' आणि 'तू खोटारडा आहेस' ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात भूतकाळ आहे. ते काल घडलं, उद्या तसं घडेलच असं नाही. दुसऱ्यात सुटकेला जागाच नाही. अर्थात सगळं क्रियापदावर भागत नाही. दहा वेळा पाठीशी उभ्या राहिलेल्या मैत्रिणीला 'भरवशाची' म्हणायलाच हवं. पण ते विशेषण म्हणजे दहा क्रियापदांची बेरीज आहे. बेरीज करायची तर आकडे हातात हवेत.

दुसरा मार्ग मधल्या शब्दांचा. मराठीत लाल आहे तसं लालसरही आहे, तांबूसही. कच्ची आणि पिकलेली यांच्या मधली चिंच 'गाभुळलेली' असते. ज्या भाषेने चिंचेच्या मधल्या अवस्थेलाही शब्द दिला, तिच्यात मुलांसाठी हुशार आणि ढ असे दोनच कप्पे असावेत, हा दोष भाषेचा नाही, आपल्या आळसाचा आहे. 'वाचताना अडखळतो, पण हिशेब तोंडी करतो' हे वाक्य 'ढ'पेक्षा लांब आहे. लांब आहे, कारण ते म्हणण्याआधी त्या मुलाकडे बघावं लागतं.

पुढच्या वेळी घरातलं पाच वर्षांचं मूल कुणाला 'वाईट' म्हणेल तेव्हा त्याला रागावू नका, आणि मानही डोलावू नका. डाळिंबाला 'आंबट' म्हटल्यावर विचाराल तेवढ्याच सहजपणे विचारा: "कशावरून?" आणि त्याने तोच प्रश्न उलटून तुम्हाला विचारला, तर उत्तर तयार ठेवा.