पट्टीखालचा पत्रा

गावाकडं नटण्याकडं पहिल्यापासून थोडं संशयानंच बघतात. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण लहानपणी इतक्यांदा कानावर पडली, की चकचकीत दिसणाऱ्या वस्तूच्या पोटात काहीतरी कुजलेलं असणारच, असं आम्ही धरून चालायचो. पण त्याच गावात बेंदराला बैलांची शिंगं तासून त्यांना हिंगूळ लावायचे, वर पितळी शेंब्या चढवायचे. दसऱ्याच्या आधी भिंतींना पांढरी माती लागायची, जमीन सारवली जायची. त्याला कुणी ढोंग म्हटलं नाही. मग वरचं सजवणं चांगलं कधी आणि खोटं कधी? हा प्रश्न मला पोथीपुस्तकात भेटला नाही. दारातल्या जुन्या गाडीची एक पट्टी बदलताना भेटला.

गाडी होती प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला बनायची, पण मूळ घडण इटलीच्या फियाटची. 1970च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, तरी गावानं तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. कंपनीनं ती बनवायची थांबवूनही आता वीस वर्षांच्या वर झाली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आमच्या तात्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. गावातल्या तीन नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या, आणि रात्री-अपरात्री दवाखान्याला किती माणसं नेली त्याची मोजदाद नाही. अलीकडं ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी असायची. तात्यांना आता चालवणं होत नव्हतं. शेवटी विकायचं ठरलं. जुन्या गाड्यांचा शौक असलेला पुण्याचा एक माणूस बघायला येणार होता.

अडचण एकच होती. गळिताच्या हंगामात अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीचा लोखंडी कोपरा घासून गेला होता आणि डाव्या दारावरची चकचकीत पट्टी अर्धी उपसून वाकडी लोंबत होती. नुसती पट्टी बसवून द्यायला गॅरेजवाले फारसे राजी नसतात. त्यांचं बोलणं सगळ्या दाराच्या डेंटिंग-पेंटिंगपासून सुरू होतं. म्हणून हे काम घरीच करायचं ठरवलं. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन चकरा मारल्यावर एका भंगारवाल्याच्या ढिगात तसलीच पट्टी मिळाली. कुठल्यातरी मोडीत निघालेल्या फियाटची असणार. थोडी वाकली होती, पण लाकडी हातोडीनं फळीवर ठोकून सरळ झाली.

ज्यांच्या दारात अशी गाडी असेल त्यांच्यासाठी सांगतो, पट्टी काढायची घाई करू नये. गाडी तासभर उन्हात ठेवावी, म्हणजे जुना रंग आणि रबर जरा नरम पडतं. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं तर रंगावर ओरखडा येतो, आणि पुढं तिथंच गंज धरतो. मी बाभळीची पातळ पाचर तासली, खाली फडकं धरलं, आणि एकेका क्लिपजवळ जाऊन हळूहळू उचललं. टक-टक आवाज करत क्लिपा सुटत गेल्या. पट्टीमागं वर्षानुवर्षांची माती वाळून घट्ट बसली होती. ती रॉकेलच्या बोळ्यानं आणि नंतर साबणाच्या पाण्यानं काढली.

मातीखाली दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे रंग. उन्हानं गाडी इतकी विटली होती, की ती मूळची निळी होती हे आम्हीही विसरलो होतो. पट्टीच्या आडोशाला मात्र बोटभर रुंदीची निळीशार रेघ तशीच शाबूत होती. तात्या खुर्ची ओढून तिच्यासमोर बराच वेळ बसले. “आणली तवा अशी हुती,” एवढंच म्हणाले.

दुसरी गोष्ट गंज. पट्टीच्या क्लिपा बसवायला पत्र्याला भोकं असतात. त्या भोकांच्या कडांवरचा रंग क्लिपेच्या घासण्यानं जातो, तिथं पाणी शिरतं आणि पट्टीमागची माती ते पाणी धरून ठेवते. शिवाय काचेच्या रबराच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतच असतं. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या गाडीची ती भोकं चिखलानं बुजली होती, म्हणजे आतही ओल आणि बाहेरही ओल. मागच्या कोपऱ्यात मी अंगठ्यानं दाबलं तर पत्रा बिस्किटासारखा आत गेला. बोट जाईल एवढं भोक पडलं. आणि नवी पट्टी बसली की ते भोक बरोबर तिच्याखाली जाणार होतं.

दादा बघायला आला. त्यानं भोक बघितलं, पट्टी बघितली. म्हणाला, “मग काय, मार की पट्टी वरनं. पुण्याच्या मान्साच्या डोळ्यात काय एक्स-रे हाय का?”

दादा लबाड माणूस नाही. उसन्या पैशाची तारीख त्यानं कधी चुकवली नाही. त्याच्या बोलण्याला बाजाराचा आधार होता. बाजारात जनावर धुऊनपुसून, शिंगं घासूनच उभं करतात. विकणारा नटवतो, घेणारा दात बघतो, कासेला हात लावतो, चार पावलं चालवून बघतो. दोघांनाही खेळ माहीत असतो. घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत, हा बाजाराचा नेम. दादाचं म्हणणं, जुनी गाडी घेणाऱ्याला गंज असणारच हे कळतं, ते धरूनच तो भाव करतो. आपण कशाला बोट दाखवायचं?

मला यातलं बरंचसं पटत होतं. पण बाजारातही सगळ्या नटवण्याला एक माप नसतं. शिंगाला रंग दिला तर कुणी भांडत नाही. पण कास भरलेली दिसावी म्हणून दोन वेळा धार न काढता दूध तुंबवून म्हैस बाजारात आणली, तर त्याला चारचौघांत लबाडीच म्हणतात. दोन्ही वरवरचंच, मग फरक कुठला? शिंगाचा रंग जनावराबद्दल काही खोटं सांगत नाही. तुंबवलेली कास सांगते, आणि घेणारा ज्या खुणेवर भरवसा ठेवतो तीच खूण ती बिघडवते.

तात्या अजून त्या निळ्या रेघेसमोर बसलेले होते. त्यांनी वळून न बघताच सांगितलं, “बैलाचा दात दाखवाया लागत न्हाई, घेणारा बघतोय. पर बैल मारका आसंल, न्हाईतर औताला बसत आसंल, तर खोड सांगून इकावा लागतोय.”

दात कुणालाही तोंड उघडून बघता येतो. खोड मात्र बैल पाळल्याशिवाय, त्याच्याबरोबर चार पावसाळे काढल्याशिवाय कळत नाही. म्हणून खोड सांगायची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. आमच्या दाराचं भोक दात होतं की खोड? पट्टी काढेपर्यंत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आम्हालाही नाही. तेव्हा गाडी तशीच विकली असती तर ते लपवणं झालं नसतं. पण पट्टी मी माझ्या हातानं काढली होती. भोकात माझं बोट गेलं होतं. आता त्यावर पट्टी बसली की पुण्याच्या माणसानं कितीही डोळे फाडून बघितलं तरी त्याला ते दिसणार नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

स्वतः काम करण्यात ही एक अडचण असते, तिचा विचार आपण सहसा करत नाही. गॅरेजला गाडी देणाऱ्याला ‘मला काय माहीत, मिस्त्रीनं केलं’ असं म्हणता येतं, आणि ते खरंही असतं. घरी पाचर घेऊन बसणाऱ्याला तो आडोसा राहत नाही. पैसे वाचतात, हाताला काम मिळतं, आणि त्याबरोबर एक माहिती गळ्यात पडते. ती परत टाकून देता येत नाही.

तरीही पट्टी बसवायची होतीच. तारेच्या ब्रशानं गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, उघड्या पत्र्याला रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. दाराच्या तळाची भोकं तारेनं मोकळी केली. पहिल्यांदा तांबडा चिखल पडला आणि मग पाणी वाहतं झालं. मोठ्या भोकाला नवीन पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग करून लावणंच खरं. ते घरी होण्यासारखं नव्हतं. लांबी भरून वरून रंग मारता आला असता, पण गंज लांबीखाली थांबत नाही. पावसाळा-दोन पावसाळ्यांत फोड वर येतो. म्हणून ते भोक साफ करून, रंग लावून तसंच ठेवलं आणि फोनवर त्याचे फोटो काढले. मग क्लिपांच्या भोकांत पाणी शिरू नये म्हणून सीलंट भरलं, दोरा ताणून सरळ ओळ धरली, आणि पुढून मागं एकेक क्लिप तळव्यानं दाबत पट्टी बसवली. गाडी एकदम तरतरीत दिसायला लागली.

रविवारी पुण्याचा माणूस आला. गाडीभोवती फिरला, पट्टीवर हात फिरवून खूश झाला. मी त्याला फोटो दाखवले. त्यानं निमूटपणे बघितले आणि ठरलेल्या भावातून दहा हजार कमी केले. विहिरीवरची मोटर जळाली होती. ती भरून आणायला दादानं त्याच पैशांवर नजर ठेवली होती.

इथं माझा हिशेब अजून नीट लागलेला नाही. खरं बोलायचं ठरवलं मी, पण गाडी दोघांच्या वाट्याची, म्हणजे त्या खरेपणाचं अर्धं बिल दादानं भरलं. दुसऱ्याच्या खिशातून खरं बोलण्याचा हक्क आपल्याला असतो का? दहा हजार माझ्या वाट्यातून काप, असं मी त्याला म्हटलं. त्यानं कापले नाहीत, पण आठ दिवस माझ्याशी बोललाही नाही. मोटर सोसायटीच्या कर्जातून भरली. मला एवढंच कळतं, की गप्प राहिलो असतो तर ते बिल पुण्याच्या माणसावर गेलं असतं, आणि त्याला आपल्यावर बिल फाटलंय हेही कळलं नसतं. दादा निदान माझ्याशी भांडू शकत होता.

आणि पट्टीचं म्हणाल, तर ती लावली हे बरंच केलं असं वाटतं. घरोघर फिरणारा कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही पोरं त्याच्याभोवती बसायचो. तापलेल्या पातेल्यात नवसागराचा धूर उठायचा, कथील फिरायचं आणि भांडं क्षणात चांदीसारखं व्हायचं. आम्हाला ती चमकच दिसायची. पण कल्हई चमकेसाठी नसायची, पितळेत आंबट पदार्थ कळकू नये म्हणून असायची. आणि भांडं आधी घासून लख्ख केल्याशिवाय कथील धरायचंच नाही. वरची चमक आतल्या अन्नाला राखायची.

तात्या आता तालुक्याला डॉक्टरकडं जायचं असलं तरी सकाळी दाढी करतात, कडक इस्त्रीची टोपी घालतात. घरात कुणीतरी म्हणतं, आजारी माणसानं एवढं कशाला नटायचं. ते ऐकून घेतात, आरशात बघून टोपी सारखी करतात. आणि डॉक्टरांसमोर बसले की विचारायच्या आधीच कुठं दुखतंय ते सगळं सांगून टाकतात.