ॲन बुलिनची शपथ

18 मे 1536 च्या पहाटे, आज आपला शिरच्छेद होणार अशा समजुतीने, व्यभिचाराच्या आरोपात दोषी ठरलेल्या, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या राणीने, ॲन बुलिनने, लंडनच्या टॉवरमध्ये ख्रिस्तप्रसाद घेतला. त्या वेळी तिथला अधिकारी विल्यम किंग्स्टन हजर असावा म्हणून तिने त्याला मुद्दाम बोलावले आणि आपण निर्दोष असल्याचे सांगितले. सम्राट पाचव्या चार्ल्सचा वकील शापुई याने लिहिले आहे, की प्रसादाच्या आधी आणि नंतरही तिने आत्म्याच्या उद्धाराची शपथ घेऊन आपण देहाने राजाशी कधीही प्रतारणा केली नसल्याचे सांगितले. हा शापुई तिला राणी म्हणायलाही तयार नव्हता. तिच्या बाजूचे काही रचून सांगण्याचे त्याला कारण नव्हते. ही शपथ पुरावा म्हणून धरावी, आणि आरोपपत्रापेक्षा वजनदार धरावी, असे माझे मत आहे.

मरणाच्या दारातही माणूस खोटे बोलतो, मुलीच्या भवितव्यासाठी तर नक्कीच बोलेल, हा आक्षेप खरा आहे. एलिझाबेथ तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. पण ॲनने खोट्याची किंमत काय मानली असती, ते पाहिले पाहिजे. अयोग्य स्थितीत प्रसाद घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, ही संत पौलाची शिकवण तिच्या काळी जुन्या आणि नव्या दोन्ही मतांच्या लोकांना मान्य होती. पाप लपवायचेच असते तर मौन पुरेसे होते. तिने मौनाऐवजी शपथ निवडली, आणि प्रसाद घेतल्यावर ती पुन्हा उच्चारली. शपथेने फार तर श्रद्धा सिद्ध होते, सत्य नव्हे, असेही म्हणता येईल. धर्ममताबाबत ते बरोबर आहे: थॉमस मोर आपल्या मतासाठी मेला म्हणून ते मत खरे ठरत नाही. ॲनची शपथ मात्र स्वतःच्या देहाच्या वर्तनाविषयी होती, आणि तिथे प्रामाणिक माणसाची चूक होण्याला जागाच नाही.

मग वधमंचावर ती निर्दोषत्व का बोलली नाही? तिथे कायद्यापुढे मान तुकवून राजासाठी प्रार्थना करण्याची रीत होती, आणि मागे राहिलेल्यांचे जीव राजाच्याच हाती होते. तरीही आपल्या प्रकरणाचा कोणी विचार केलाच तर तो चांगल्या मनाने करावा, एवढे तिने मागितले. सव्वीस सरदारांनी तिला दोषी ठरवले हे खरे, पण ते न पाहिलेल्या गोष्टींविषयी बोलत होते. आरोपपत्रानुसार ऑक्टोबर 1533 मध्ये ती वेस्टमिन्स्टरला सहआरोपी नॉरिसबरोबर होती. प्रत्यक्षात बाळंतीण ॲन ग्रीनिचला होती. तिच्याबरोबर आरोपी ठरवलेल्या पाच पुरुषांपैकी कबुली एकट्या मार्क स्मीटनची. आणि 17 मे रोजी आर्चबिशप क्रॅन्मरने तिचा विवाह मुळातच अवैध ठरवला. विवाहच नसेल तर व्यभिचार कुठला, हा प्रश्न उरतोच. दोन दिवसांनी कॅलेहून आणलेल्या माणसाने तलवारीने शिक्षा अमलात आणली.